दोन लिंक घेतल्या, ट्रॅफिक मात्र एकीवरच: हायब्रिड क्लाउडमधल्या असमान राउटिंगचा छडा कसा लावायचा

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. डेटा सेंटरमधून क्लाउडकडे १० गिगाबिटच्या दोन लिंक आहेत. दोन्हींवर बीजीपी (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) सेशन उभं आहे, दोन्हींवरून रूट येताहेत. तरी ग्राफ उघडला की एक लिंक ८० टक्क्यांवर आणि दुसरी जवळपास रिकामी. मग कोणीतरी एएस पाथ (वाटेतल्या नेटवर्कच्या नंबरांची यादी) प्रीपेंड टाकतं, म्हणजे ती यादी मुद्दाम लांबवतं, सेशन क्लिअर करतं, ग्राफ थोडे दिवस बरा दिसतो. पुढच्या देखभालीच्या रात्रीनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ही तक्रार परत परत येते, कारण उपाय आधी केला जातो आणि दिशा नंतर तपासली जाते. लिंक एक असली तरी तिच्यावरच्या दोन दिशांचे निर्णय दोन वेगळ्या ठिकाणी होतात. तुमच्याकडून क्लाउडकडे जाताना कोणती लिंक घ्यायची हे तुमचा राउटर ठरवतो. तिकडून परत येताना ते क्लाउडवाल्यांचा राउटर ठरवतो, आणि तुम्ही त्याला फक्त सुचवू शकता. आपण जाहिरात करत असलेल्या रूटवर प्रीपेंड टाकला तर परिणाम परतीच्या दिशेवर होतो. जाणारं ट्रॅफिक एका लिंकवर तुंबलंय म्हणून तुमच्याच प्रेफिक्सवर (आयपी पत्त्यांच्या गटावर) प्रीपेंड वाढवत बसलात, तर त्या ट्रॅफिकला त्याचा पत्ताही लागत नाही.

इथे मी अ‍ॅमेझॉनच्या डायरेक्ट कनेक्टचं (डेटा सेंटर आणि एडब्ल्यूएस, म्हणजे अ‍ॅमेझॉनचा क्लाउड, यांच्यातल्या खासगी जोडणीचं) उदाहरण धरून लिहितोय. एडब्ल्यूएसचा मुंबई रिजन २०१६ मध्ये सुरू झाला, आणि पुण्या-मुंबईकडच्या ज्या जोडण्या माझ्यासमोर येतात त्यात हीच सर्वांत जास्त असते. अझुर आणि गुगलमध्ये काय वेगळं आहे ते शेवटाकडे सांगतो.

आधी दिशा वेगळ्या करा

राउटरच्या इंटरफेसवर इनपुट आणि आउटपुटचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या, दोन्ही लिंकचे. मग क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसच्या मोजमापाच्या सेवेत) त्याच कनेक्शनचे इन्ग्रेस आणि इग्रेस पाहा. इथे गल्लत होते. क्लाउडवॉचमधला इग्रेस म्हणजे एडब्ल्यूएसच्या बाजूने बाहेर पडणारं ट्रॅफिक, म्हणजे तुमच्या राउटरचा इनपुट. एकाच कनेक्शनवर अनेक व्हर्च्युअल इंटरफेस (त्याच तारेवरच्या स्वतंत्र आभासी जोडण्या) असतील तर कनेक्शनच्या आकड्यावर थांबू नका, प्रत्येक व्हर्च्युअल इंटरफेसचा आकडा स्वतंत्र मिळतो. पाच-पाच मिनिटांच्या सरासरीच्या ग्राफवर विसंबूही नका. तीस सेकंदांचा तडाखा त्या सरासरीत विरून जातो, आणि पॅकेट गळतात ती नेमकी त्या तीस सेकंदांत.

एवढं केलं की तक्रार तीनपैकी कोणती आहे ते बहुधा कळतं. एक तर एखाद्या दिशेत दुसरी लिंक वापरलीच जात नाही. किंवा दोन्ही वापरल्या जातात, पण वाटणी वाकडी आहे. किंवा बेरीज ठीक दिसते, पण जाणारं ट्रॅफिक एका लिंकने आणि येणारं दुसरीने चाललंय आणि मध्ये फायरवॉल बसलीय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आपल्याकडून क्लाउडकडे

पहिला प्रश्न: राउटिंग टेबलमध्ये त्या क्लाउड प्रेफिक्ससमोर नेक्स्ट हॉप (पॅकेट ज्याच्याकडे पाठवायचं तो पुढचा राउटर) एक दिसतो की दोन? बीजीपी टेबलमध्ये दोन पाथ दिसणं पुरेसं नाही. बीजीपी मुळात एकच सर्वोत्तम पाथ निवडतो, दुसरा तसाच पडून राहतो. सिस्को आयओएसवर मॅक्सिमम-पाथ्स हे सेटिंग न लावल्यास ईबीजीपीसाठी (दुसऱ्या नेटवर्कच्या राउटरशी असलेल्या बीजीपीसाठी) १ असतं. ते २ केलं तरी दोन्ही पाथ वेट, लोकल प्रेफरन्स (नेटवर्कने स्वतः मार्गाला दिलेली पसंती), एएस पाथ, ओरिजिन, मेड (शेजाऱ्याने पाठवलेला आकडा, कमी तो पसंतीचा) अशा सगळ्या पायऱ्यांवर बरोबरीत असावे लागतात. एएस पाथची नुसती लांबी सारखी असून भागत नाही, आतले नंबरही जुळावे लागतात. ते वेगळे असतील तर मल्टिपाथ-रिलॅक्स चालू करावं लागतं.

मल्टिपाथ (एकाच वेळी अनेक पाथ वापरणं) नसलेल्या राउटरवर ही समस्या देखभालीनंतरच का उपटते, याचं उत्तर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दोन्ही सेशन एकाच राउटरवर असतील आणि दोन्ही ईबीजीपी पाथ सगळ्या बाबतींत बरोबरीत आले, तर सिस्को जो पाथ जुना आहे तो धरून ठेवतो. रूट सारखे बदलू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे. बीजीपीच्या मूळ प्रमाण दस्तऐवजात, आरएफसी ४२७१ मध्ये, ही पायरी नाही. आता बघा काय होतं. पहिली लिंक देखभालीसाठी काही मिनिटं पडली, ट्रॅफिक दुसरीवर गेलं. पहिली परत आली, पण आता तिचा पाथ नवा आणि दुसरीचा जुना. ट्रॅफिक दुसरीवरच राहतं, ती पडेपर्यंत. हे ओळखायला बीजीपी समरीमधला अप-टाइम पाहा. भरलेल्या लिंकचं सेशन रिकाम्या लिंकच्या सेशनपेक्षा जुनं असेल तर संशय इथेच घ्या. उपाय दोन. दोन्ही लिंक वापरायच्या असतील तर मल्टिपाथ चालू करा. एकच वापरायची असेल तर लोकल प्रेफरन्स देऊन ती कोणती ते स्पष्ट लिहा. नशिबावर सोडू नका.

लिंक दोन वेगळ्या राउटरवर उतरत असतील तर गोष्ट वेगळी. प्रत्येक राउटर स्वतःचा ईबीजीपी रूट शेजारच्या राउटरकडून आलेल्या आयबीजीपी (आपल्याच नेटवर्कच्या आतल्या बीजीपी) रूटपेक्षा वरचढ मानतो. म्हणजे ट्रॅफिक ज्या राउटरवर येईल तिथूनच बाहेर पडणार. मग ते कोणत्या राउटरवर येतं? अनेक ठिकाणी आत व्हीआरआरपी किंवा एचएसआरपी (दोन राउटरांपैकी गेटवे कोण ते ठरवणारे प्रोटोकॉल) असतं आणि सगळ्या व्हीलॅनचा (स्विचवरच्या वेगळ्या केलेल्या नेटवर्कचा) मास्टर पहिलाच राउटर असतो. अशा वेळी बीजीपीत कितीही बदल करा, वाटणी सुधारणार नाही, कारण निर्णय बीजीपीपर्यंत यायच्या आधीच झालेला असतो. कोअर स्विच आणि दोन्ही राउटर यांच्यात ओएसपीएफ (नेटवर्कच्या आतला राउटिंग प्रोटोकॉल) किंवा बीजीपी लावून कोअरलाच दोन समान मार्ग द्या. ते जमण्यासारखं नसेल तर निम्म्या व्हीलॅनचा मास्टर दुसऱ्या राउटरला करा. दुसरा मार्ग ओबडधोबड आहे, पण चालतो.

क्लाउडकडून आपल्याकडे

डायरेक्ट कनेक्टवर परतीचा मार्ग ठरवताना एडब्ल्यूएस आधी सर्वांत नेमका प्रेफिक्स पाहतो, मग लोकल प्रेफरन्स, मग एएस पाथची लांबी, मग मेड. एवढं सगळं सारखं निघालं तरच ट्रॅफिक दोन्हींवर वाटलं जातं. हा क्रम पाठच असावा, कारण बहुतेक चुका पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या असतात आणि लोक तिसरीवर उपाय करत बसतात.

नेमक्या प्रेफिक्सचं एक उदाहरण. एका उत्पादन कंपनीच्या जोडणीत दोन्ही लिंकवरून १०.२०.०.०/१६ जाहीर होत होता, सगळं समान. तरी रात्री पहिली लिंक भरून जायची. एडब्ल्यूएसकडे पाठवलेल्या रूटची यादी दोन्ही शेजाऱ्यांसाठी (समोरच्या बीजीपी राउटरांसाठी) ओळीने काढून शेजारी शेजारी ठेवली तेव्हा पहिल्या यादीत एक ओळ जास्त निघाली: १०.२०.४०.०/२४. जुन्या स्थलांतराच्या वेळी चाचणीसाठी टाकलेली आणि तशीच राहिलेली. त्या /२४ मध्येच रिपोर्टिंगचे सर्व्हर होते, जे रोज रात्री क्लाउडमधून डेटा ओढायचे. /२४ हा /१६ पेक्षा नेमका (आकडा मोठा तितका पत्त्यांचा गट लहान), त्यामुळे पुढची कोणतीही पायरी तपासलीच जात नव्हती. ती एक ओळ काढल्यावर वाटणी सरळ झाली. म्हणून पहिलं काम हेच करा: दोन्ही शेजाऱ्यांना जाहीर होणाऱ्या रूटच्या याद्या फाइलमध्ये घ्या आणि त्यांची तुलना करा. डोळ्यांनी नव्हे, डिफ लावून.

लोकल प्रेफरन्सची गंमत जास्त खोल आहे. प्रत्येक डायरेक्ट कनेक्ट लोकेशन एखाद्या रिजनशी जोडलेलं असतं. तुमचे सर्व्हर मुंबई रिजनमध्ये आहेत, एक लिंक मुंबईत उतरते आणि दुसरी सिंगापूरला, तर कोणतीही कम्युनिटी (रूटला चिकटवलेली खूण) न लावता एडब्ल्यूएस मुंबईच्या लिंकला पसंती देतो, कारण ती जवळच्या रिजनची. ही पसंती लोकल प्रेफरन्सच्या पायरीवर ठरते. आता मुंबईच्या लिंकवर तुम्ही पाच वेळा प्रीपेंड केलात तरी ट्रॅफिक हलणार नाही. तुलना एएस पाथपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी एडब्ल्यूएसने दिलेल्या कम्युनिटी वापरायच्या: ७२२४:७१०० म्हणजे कमी पसंती, ७२२४:७२०० मध्यम, ७२२४:७३०० जास्त. दोन्ही लिंकवर एकच कम्युनिटी लावली आणि एएस पाथ सारखा ठेवला तर लोकेशन कुठलंही असो, वाटणी होते. एका प्रेफिक्सवर यातली एकच कम्युनिटी लावा. राउटर कम्युनिटी पाठवतोय ना हेही बघा. सिस्कोवर शेजाऱ्याला कम्युनिटी पाठवायची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि ती ओळ राहिली की रूट-मॅप (रूटवर लावायचे नियम) अगदी बरोबर लिहूनही काही होत नाही.

मुंबई-सिंगापूर अशी वाटणी करावी का, हा वेगळा प्रश्न. माझं मत: करू नये. लेटन्सीत (पॅकेट पोहोचायला लागणाऱ्या वेळेत) इतका फरक असताना निम्मे वापरकर्ते विनाकारण हळू चालतात आणि तक्रार ‘अ‍ॅप कधी कधी मंद होतं’ या रूपाने परत तुमच्याकडेच येते. सिंगापूरला ७१००, मुंबईला ७३००, आणि विषय संपवा.

काही जण वाटणीसाठी प्रेफिक्सचे तुकडे करतात: एक /१७ एका लिंकवर, दुसरा /१७ दुसऱ्या लिंकवर, आणि आधाराला दोन्हींवर /१६. पद्धत चांगली आहे, अंदाज बांधता येतो. मात्र हावरेपणाने /२४ चे तुकडे करत सुटू नका. प्रायव्हेट आणि ट्रान्झिट व्हर्च्युअल इंटरफेसवर तुमच्याकडून १०० पेक्षा जास्त रूट गेले तर बीजीपी सेशनच खाली पडतं, आणि मग असमान वाटणीचा प्रश्नच उरत नाही.

सोबतीला साइट-टू-साइट व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध जोडणी) असेल तर ती डायरेक्ट कनेक्टबरोबर भार वाटून घेईल ही अपेक्षा सोडा. तोच प्रेफिक्स दोन्हीकडून आला तर पसंती डायरेक्ट कनेक्टला मिळते, प्रीपेंड काहीही असो. फक्त व्हीपीएनच्या दोन टनेलचं बोलायचं तर व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवेवर ईसीएमपी (समान मार्गांवर ट्रॅफिक वाटणं) नाही. ट्रान्झिट गेटवेवर (अनेक नेटवर्क जोडणाऱ्या मध्यवर्ती गेटवेवर) आहे, तेही डायनॅमिक राउटिंग असेल तरच. एका टनेलची देखभाल चालू असताना एडब्ल्यूएस दुसऱ्या टनेलवर कमी मेड पाठवतो, जेणेकरून तुमचं ट्रॅफिक तिकडे सरकेल. त्या काळात ग्राफ एका बाजूला झुकला तर तो बिघाड नाही. तुमच्या राउटरवर मेड पुसून टाकणारा रूट-मॅप असेल तर मात्र ही सूचना तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही आणि देखभालीत सेशन तुटतील.

दोन्ही लिंक वापरात, तरी वाटणी वाकडी

इथे एक गोष्ट ग्राहकाला समजावून सांगावीच लागते. ईसीएमपी किंवा लॅग (अनेक लिंकची एकत्र बांधलेली मोळी) बाइट वाटत नाहीत, फ्लो वाटतात. स्रोत आणि गंतव्य आयपी, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल या पाच गोष्टींवरून हॅश (सूत्राने काढलेला एक आकडा) निघतो आणि त्या फ्लोची सगळी पॅकेट एकाच लिंकवर जातात. मुद्दाम तसं केलेलं असतं. पॅकेटगणिक लिंक बदलली तर पॅकेट क्रम सोडून पोहोचतात, टीसीपीला वाटतं पॅकेट हरवलं, आणि तो वेग कमी करतो. म्हणजे हजारो छोटे फ्लो असतील तर वाटणी छान होते, पण एकाच टीसीपी सेशनने चाललेला मोठा बॅकअप जिथे बसेल तिथे बसेल.

हा भरलेला फ्लो शोधायला व्हीपीसी (क्लाउडमधलं तुमचं खासगी नेटवर्क) फ्लो लॉग किंवा राउटरवरचा नेटफ्लो काढा आणि बाइटनुसार क्रम लावा. वरच्या दोन-तीन ओळीच निम्मं ट्रॅफिक खाताना दिसल्या तर राउटिंगला हात लावू नका. बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये समांतर स्ट्रीम वाढवा किंवा वेळ बदला. फ्लो लॉग मुळात दहा मिनिटांच्या गठ्ठ्यात येतात, शोध चालू असेपर्यंत ते एक मिनिटावर आणा.

फ्लो भरपूर असूनही वाटणी वाकडी असेल तर हॅश कशावरून निघतोय ते तपासा. सिस्को आयओएसवरचा सेफ (सीईएफ, पॅकेट पुढे पाठवणारी यंत्रणा) मुळात फक्त दोन आयपी पाहतो, पोर्ट नाही. लिनक्स राउटरवर फिब-मल्टिपाथ-हॅश-पॉलिसी ० असेल तरी तेच, १ केल्यावर पोर्ट धरले जातात. आता तुमचे सगळे वापरकर्ते एका प्रॉक्सीच्या आयपीमागून क्लाउडमधल्या एकाच आयपीकडे जात असतील, तर हॅशला दिसणारी जोडी एकच. सगळं ट्रॅफिक एका लिंकवर बसणारच. सिस्कोवर ‘शो आयपी सेफ एक्झॅक्ट-रूट’ला स्रोत आणि गंतव्य देऊन लिंक विचारता येते, अंदाज करण्यापेक्षा पाच-दहा जोड्या घालून बघा.

आयपीसेकमध्ये (व्हीपीएन टनेलच्या कूटबद्धीकरणात) हेच जास्त छळतं. बाहेरचा राउटर फक्त बाहेरचं हेडर पाहतो. ईएसपी (आयपीसेकची कूटबद्ध पॅकेट) म्हणजे प्रोटोकॉल ५०, त्याला पोर्टच नाहीत. नॅट-ट्रॅव्हर्सल असेल तर यूडीपी ४५०० दिसतो, पण टनेलभर तोच. आत हजार फ्लो असले तरी बाहेरून तो एकच फ्लो, त्यामुळे चार लिंकच्या लॅगमध्येही तो एकाच तारेवर. एडब्ल्यूएसच्या नेहमीच्या व्हीपीएन टनेलची कमाल १.२५ गिगाबिट धरली जाते, तेव्हा एका फ्लोला त्याहून जास्त वेग मिळणार नाही. वेगवेगळ्या बाहेरच्या आयपींचे जास्त टनेल उभे करून ट्रान्झिट गेटवेवर ईसीएमपी लावणं हाच सरळ मार्ग.

चाचणी आयपर्फ३ (वेग मोजायचं साधन) ने करताना एका स्ट्रीमचा आकडा आणि समांतर आठ स्ट्रीमचा आकडा दोन्ही घ्या. ३.१६ च्या आधीच्या आवृत्त्या सगळे स्ट्रीम एकाच थ्रेडवर चालवत. जुनी आवृत्ती असेल तर सीपीयूची मर्यादा लिंकची मर्यादा समजून तुम्ही भलतीकडेच शोधत राहाल.

‘कधी चालतं, कधी नाही’

तिसरा प्रकार सर्वांत चिवट. वापरकर्ता सांगतो, पान उघडत नाही, पुन्हा दाबलं की उघडतं. दोन लिंकमागे दोन स्वतंत्र फायरवॉल असतात, सेशनची माहिती एकमेकींना न देणाऱ्या. सिन (जोडणी सुरू करणारं टीसीपी पॅकेट) पहिल्या फायरवॉलमधून गेला, त्याचं उत्तर असलेला सिन-अ‍ॅक दुसरीकडून परतला. दुसरीने सिन पाहिलेलाच नाही, तिने तो टाकून दिला. पुन्हा प्रयत्न केला की स्रोत पोर्ट बदलतो, हॅश बदलतो, या वेळी परतीचं पॅकेट योग्य लिंकवर येतं आणि पान उघडतं. दुसऱ्या फायरवॉलच्या लॉगमध्ये ‘सेशन नाही’ किंवा ‘सिनशिवाय सिन-अ‍ॅक’ अशा अर्थाच्या नोंदी त्याच सेकंदाला सापडल्या तर निदान पक्कं. दोन्ही फायरवॉलच्या आतल्या आणि बाहेरच्या इंटरफेसवर एकाच वेळी पॅकेट कॅप्चर लावा; एकीवर सिन आणि दुसरीवर सिन-अ‍ॅक दिसला की वाद मिटतो. मध्ये लिनक्स मशीन असेल तर आरपी-फिल्टर (पॅकेट अपेक्षित इंटरफेसवरून आलं का ही तपासणी) १ आहे का तेही पाहा, स्ट्रिक्ट तपासणी अशी पॅकेट गुपचूप टाकते.

क्लाउडच्या आतही हे होतं. ट्रान्झिट गेटवेमागे तपासणीसाठी वेगळी व्हीपीसी आणि दोन अ‍ॅव्हेलेबिलिटी झोनमध्ये फायरवॉल असतील, तर त्या अटॅचमेंटवर अप्लायन्स मोड चालू असायलाच हवा. नसेल तर जाणारं पॅकेट एका झोनच्या फायरवॉलकडे आणि परतीचं दुसऱ्या झोनच्या फायरवॉलकडे जाऊ शकतं.

फायरवॉल एकमेकींना सेशन देत नसतील तर माझा आग्रह स्पष्ट आहे: दोन्ही लिंकवर वाटणी करूच नका. एक मुख्य, एक राखीव, दोन्ही दिशांत तशीच ठेवा. आपल्या बाजूने लोकल प्रेफरन्स, त्यांच्या बाजूला ७३०० आणि ७१००. एक लिंक रिकामी दिसली की व्यवस्थापन विचारतं, पैसे वाया जाताहेत का. त्यांना हिशोब दाखवा: १० गिगाबिटच्या दोन लिंकवर साडेसहा-साडेसहा गिगाबिट चालू असेल, तर एक पडल्यावर दुसरीवर १३ येणार. वाटणी समान असो वा नसो, दोन्हींची बेरीज एकीत मावली पाहिजे.

अझुरच्या एक्सप्रेसरूटमध्ये (डायरेक्ट कनेक्टसारख्या सेवेत) एका सर्किटमागे दोन कनेक्शन असतात आणि दोन्हींवर तेच प्रेफिक्स जाहीर करावेत अशी अपेक्षा असते. समोरचा एएस नंबर १२०७६. एकीवरून जास्त नेमका प्रेफिक्स सुटला की वरचंच /२४ चं प्रकरण घडतं. अनेक सर्किट असतील तर अझुरच्या बाजूने कनेक्शनवरचं वेट बघा. गुगलच्या क्लाउड राउटरवर मेड निर्णायक असतो: मूळ प्राधान्य न बदलल्यास १००, आणि ग्लोबल राउटिंग चालू असेल तर दुसऱ्या रिजनच्या लिंकवर आंतर-रिजन खर्चही त्यात मिळवला जातो. त्यामुळे मुंबई आणि दिल्ली अशा दोन ठिकाणच्या लिंक आपोआप बरोबरीत येत नाहीत.

बदल झाल्यावर लिंक पाडून बघितल्याशिवाय काम पूर्ण समजू नका. डायरेक्ट कनेक्टमध्ये फेलओव्हर चाचणीची सोय आहे, ठरावीक वेळेसाठी व्हर्च्युअल इंटरफेसवरचं बीजीपी सेशन खाली घेता येतं. ते परत आल्यावर ट्रॅफिक कुठे बसलं ते पाहा, कारण जुन्या पाथचा खेळ तिथेच उघडा पडतो. बीएफडी (लिंक मेल्याचं चटकन ओळखणारा प्रोटोकॉल) एडब्ल्यूएसच्या बाजूने आपोआप चालू असतो, पण तुमच्या राउटरवर लावेपर्यंत त्याचा उपयोग शून्य. तोवर होल्ड टायमरची ९० सेकंदं मेलेल्या लिंकवर ट्रॅफिक जात राहू शकतं.

एवढं करूनही क्लाउडच्या सपोर्टकडे जावं लागलं, तर तिकिटात ‘वाटणी बरोबर नाही’ एवढंच लिहू नका. एका बिघडलेल्या फ्लोचे दोन्ही आयपी आणि पोर्ट, दोन्ही टोकांवरून काढलेला ट्रेसरूट, दोन्ही शेजाऱ्यांना पाठवलेल्या आणि त्यांच्याकडून आलेल्या रूटच्या याद्या, आणि व्हर्च्युअल इंटरफेसचे आयडी जोडा. वेळ यूटीसीमध्ये लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून.